शिकवणाऱ्याचे शिकवणे कोण पाहणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांच्या रिक्त पदांबद्दल वर्तमानपत्रांत वरचेवर छापून येते. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अध्यापकांच्या पात्रतेचे नवे नियम आणले आणि या चर्चेला पुन्हा जोर आला. २२० किंवा त्याहून जास्त खाटांच्या शासकीय रुग्णालयात पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षे काम केलेल्या डॉक्टरला आता सहायक प्राध्यापक होता येते, दहा वर्षे काम केलेल्याला सहयोगी प्राध्यापक. आमचे मत विचाराल तर हा नियम चांगला आहे. रात्रपाळीत अपघात, सर्पदंश आणि विषबाधा एकट्याच्या जिवावर सांभाळलेला माणूस मुलांना शिकवायला मिळत असेल, तर नाही का म्हणावे?

आमची शंका पुढची आहे. तो शिकवायला उभा राहिला की त्याचे शिकवणे पाहणार कोण? नव्याचे राहू द्या, पंधरा वर्षे शिकवत असलेल्या प्राध्यापकाचे शिकवणे तरी कोण पाहते? शस्त्रक्रिया करताना टेबलाभोवती चार जाणकार डोळे असतात. शोधनिबंध तपासायला परीक्षक असतात. हजेरी तर मे २०२५ पासून आधारशी जोडलेल्या ॲपवर चेहरा दाखवून, ठिकाणाच्या नोंदीसह लागते. पण अध्यापक वर्गात किंवा खाटेजवळ तासभर नेमके काय करतो, हे त्याच्या विद्यार्थ्यांखेरीज कोणालाही ठाऊक नसते. आणि विद्यार्थी सत्राअखेर अभिप्रायाचा जो फॉर्म भरतात, त्यात खरे लिहिण्याची त्यांची छाती होत नाही. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, समोर तेच सर बसणार असतात.

अध्यापकांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था नाही असे कोणी समजू नये. पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये १९७० च्या दशकातच राष्ट्रीय शिक्षक प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. आज प्रत्येक महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण विभाग, म्हणजे बोलीतला ‘एमईयू’, असावाच लागतो. आपल्या राज्यात मुंबईचे शेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आणि वर्ध्याजवळच्या सावंगीचे महाविद्यालय ही या कामातली जुनी केंद्रे. २०१९ च्या प्रवेशांपासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आला, तेव्हा त्यासाठी वेगळ्या कार्यशाळा झाल्या. अध्यापकाला बढतीसाठी वैद्यकीय शिक्षणाचा तीन दिवसांचा पायाभूत अभ्यासक्रम करावा लागतो. त्याच्या जोडीला संशोधनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम असतो. शासकीय रुग्णालयांतून नव्याने येणाऱ्यांनाही हा संशोधनाचा अभ्यासक्रम दोन वर्षांत पुरा करायचा आहे.

तीन दिवसांच्या त्या कार्यशाळेला आम्ही नावे ठेवणार नाही. तीसेक अध्यापक गटागटाने टेबलांभोवती बसतात, उद्दिष्ट कसे लिहायचे, प्रश्नपत्रिकेचा आराखडा कसा करायचा, बहुपर्यायी प्रश्न कसा घडवायचा हे हाताने करून पाहतात. शरीररचनाशास्त्राचे सर आणि स्त्रीरोगाच्या मॅडम बरेचदा तिथेच पहिल्यांदा एकमेकांशी शिकवण्याविषयी बोलतात. खोट आहे ती मायक्रोटीचिंगच्या सत्रात. अध्यापक पाच-सात मिनिटे शिकवून दाखवतो, समोर बसतात त्याचेच सहकारी. ते विषय जाणून असतात, कंटाळले तरी चेहऱ्यावर दाखवत नाहीत, आणि पाळी त्यांच्यावरही येणार असल्याने हात राखून बोलतात. तिथे रुग्ण नसतो, कण्हणे नसते, मागच्या रांगेतला मोबाइल नसतो. पाच मिनिटांच्या त्या तुकड्यात जो बदल दिसतो तो सोमवारी नऊच्या तासाला टिकला की नाही, हे पाहायला कोणीच जात नाही. प्रमाणपत्र फाइलला लागते, स्लाइड्स जुन्याच चालू राहतात.

खरी गरज कुठे आहे ते नीट कळावे म्हणून वॉर्डातले क्लिनिक, म्हणजे खाटेजवळचा तासच घेऊ. दीडशे प्रवेशांच्या महाविद्यालयात एका बॅचमध्ये पंधरा-वीस मुले सहज असतात. सगळी एका खाटेभोवती उभी राहतात. पुढच्या चौघांना दिसते, मधल्यांना ऐकू येते, मागचे भिंतीला टेकतात. सर रुग्णाच्या उशापाशी उभे राहून प्रश्न विचारतात आणि दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देतात. मग प्लीहा (पोटात डाव्या बरगड्यांखालचा अवयव) कशी चाचपायची ते करून दाखवतात, सगळे मान डोलावतात. तास संपला.

यात काय निसटते ते पाहा. प्लीहा चाचपायला उजव्या ओटीपोटापासून, म्हणजे उजव्या इलियाक फॉसापासून सुरुवात करायची आणि रुग्णाच्या श्वासागणिक हात तिरका डाव्या बरगड्यांकडे न्यायचा. बहुतेक मुले बेंबीच्या वरूनच सुरू करतात. प्लीहा फार वाढलेली असेल तर तिची कड त्या हाताच्या खाली राहते आणि ‘प्लीहा लागत नाही’ अशी नोंद होते. हात तिच्यावरच असतो, कड मात्र सापडलेली नसते. ही चूक सरांनी करून दाखवल्याने सुटत नाही, कारण चूक विद्यार्थ्याच्या हातात आहे. त्याचा हात कुठून निघाला हे कोणीतरी पाहिले तरच ती पकडता येते.

एका तासाच्या क्लिनिकची साधी मांडणी अशी करता येते. पहिली दहा मिनिटे बाजूच्या खोलीत: आज काय शिकायचे ते एका वाक्यात, आणि कोण काय करणार ते नावानिशी. एकाने पूर्वेतिहास विचारायचा, एकाने तपासायचे, एकाने फक्त संवाद पाहायचा (नाव सांगितले का, परवानगी घेतली का, पडदा ओढला का), बाकीच्यांनी प्रत्येकी एका ठरलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे. मग वीस-पंचवीस मिनिटे खाटेजवळ. अध्यापकाने उशापाशी न थांबता पायथ्याशी किंवा तपासणाऱ्याच्या मागे उभे राहावे. उशापाशी उभे राहिले की विद्यार्थी सरांशी बोलतो, रुग्णाशी नाही. एका रुग्णाला एका क्लिनिकमध्ये तिघांपेक्षा जास्त जणांनी चाचपू नये. चौथ्यानंतर पोट आखडते, सापडायचे तेही सापडेनासे होते, आणि माणूस दमतो तो वेगळाच. शेवटची वीसेक मिनिटे पुन्हा खोलीत. निदानाची चर्चा, शक्यता, वाईट बातमीचे शब्द, सगळे तिथे. रुग्णाच्या डोक्यावरून नको. रुग्णाचे आभार मानायला परत जायचे, हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण ते सर्रास राहून जाते.

बॅच वीसची असेल तर दोन गट करून दुसरा रेसिडेंटकडे, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरकडे, द्यावा लागतो. आता रेसिडेंटला शिकवायचे कोणी शिकवले आहे? वॉर्डात संध्याकाळी मुलांना सर्वांत जास्त वेळ देतो तो दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंटच. त्याला नुसते ‘यांना जरा एक केस दाखव’ म्हणून सोडून दिले जाते.

ओपीडीत वेगळी अडचण. सोमवारी कोल्हापूरच्या सीपीआर या शासकीय रुग्णालयाच्या ओपीडीत रांग लागलेली असताना पाऊण तासाचे क्लिनिक कोण घेणार? तिथे पाच मिनिटांची एक पद्धत चालते. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या कौटुंबिक वैद्यकाच्या अध्यापकांनी ती मांडली, पाच पायऱ्यांची. उदाहरण इथलेच देतो. ऑगस्ट महिना, पूर ओसरून दहा-बारा दिवस झालेले. इंटर्न येऊन सांगतो, “सर, बत्तीस वर्षांचा पुरुष, पाच दिवस ताप, अंग दुखतंय, प्लेटलेट नव्वद हजार. काय करू?” सर सहसा म्हणतात, “डेंग्यू पाठव, ॲडमिट कर.” वीस सेकंदांत काम होते आणि इंटर्न होता तिथेच राहतो.

त्याऐवजी पहिला प्रश्न, “तुला काय वाटतंय?” त्याने स्वतःला बांधून घेतले पाहिजे. तो म्हणतो, डेंग्यू. दुसरा प्रश्न, “कशावरून? आणखी काय असू शकेल?” तो प्लेटलेट सांगतो आणि अडतो. “माणूस काम काय करतो, ते विचारलंस का?” विचारलेले नसते. तो परत जातो आणि दोन मिनिटांत येऊन सांगतो: शिरोळ तालुक्यातला शेतकरी, पाणी उतरल्यावर गोठा धुतला, पोटऱ्या दाबल्या की ओरडतो, डोळे लाल आहेत, लघवी कमी झाली आहे. आता तिसरी पायरी, एकच सर्वसाधारण नियम: पुराच्या पाण्यात किंवा जनावरांच्या गोठ्यात वावरलेल्या माणसाला ताप, पोटऱ्यांत दुखणे आणि लाल डोळे असतील तर लेप्टोस्पायरोसिस डोक्यात आलाच पाहिजे. प्लेटलेट त्यातही उतरतात, त्यामुळे त्या आकड्यावर दोन्ही वेगळे करता येत नाहीत. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीचे मोजमाप लगेच, लेप्टोची आयजीएम ही रक्तचाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते म्हणून प्रतिजैविक अहवालासाठी अडवून धरायचे नाही. चौथी, जे बरोबर केले ते नेमके सांगणे: “तापाचे दिवस आणि रक्तस्रावाची लक्षणं तू आपणहून विचारलीस, ते योग्य केलंस.” पाचवी, जे राहिले ते: “व्यवसाय आणि पाण्याशी आलेला संबंध राहिला. उद्यापासून तापाच्या प्रत्येक पेशंटला विचारायचं.” मग सरांनी स्वतः जाऊन रुग्ण पाहायचा, ते चुकवायचे नाही.

पद्धत सोपी दिसते, फसते मात्र ठरलेल्या जागी. दुसरा प्रश्न व्हायवाच्या आवाजात विचारला की मूल गप्प होते. तिसऱ्या पायरीवर एका नियमाऐवजी लेप्टोवर दहा मिनिटांचे व्याख्यान सुरू होते आणि रांग वाढते. चौथी पायरी ‘गुड’ या एका शब्दात उरकली जाते. त्या शब्दातून काय पुन्हा करायचे ते कळत नाही. आणि प्रत्येक रुग्णाला हे जमणार नाही हे मान्य करून सकाळी निवडक दोन-तीन जणांना करावे. सगळ्यांना करायला गेले की आठवड्यात बंद पडते.

हे सगळे वाचून येत नाही, कोणीतरी पाहून सांगितल्यावर येते. शासकीय रुग्णालयातून येणाऱ्या अनुभवी डॉक्टरांना तर याची जास्त गरज आहे. गुऱ्हाळावरच्या गुळव्याला काहील कधी उतरवायची ते बरोबर कळते, पण कशावरून विचारले तर तो ‘कळतंय की’ म्हणतो. दारातून आत येणाऱ्या रुग्णाकडे पाहूनच ‘हा गंभीर आहे’ हे ज्याला कळते त्याची गत तीच असते. त्याला श्वासाचा वेग, ओठांचा रंग, वाक्य मध्येच तुटणे, हे सुटे करून मोठ्याने बोलण्याची सवय लावावी लागते.

हाताच्या कौशल्यांत ही सुटे करण्याची गोष्ट पायऱ्यांनी करता येते. सलाइनसाठी कॅन्युला लावणे घ्या. आधी अध्यापकाने नेहमीच्या वेगाने, एक शब्द न बोलता करून दाखवायचे. मग प्रत्येक पायरी सांगत हळू करायचे. तिसऱ्या वेळी विद्यार्थ्याने बोलायचे आणि अध्यापकाने तो सांगेल तेवढेच करायचे. चौथ्या वेळी विद्यार्थ्याने बोलत स्वतः करायचे. आपल्याकडे पहिली पायरी बडबडीत जाते आणि तिसरी सरसकट गाळली जाते. वास्तविक तिसरीतच खरे कळते. मॅनिकिनच्या, म्हणजे सरावाच्या पुतळ्याच्या, हातावर रक्त दिसले की विद्यार्थी म्हणतो, “आता सुई काढा.” इथेच त्याची चूक उघडी पडते. सुईचे टोक कॅन्युलाच्या पुढे असते. फ्लॅशबॅक, म्हणजे मागे रक्त, आला म्हणजे सुई शिरेत पोचली, प्लास्टिकची नळी अजून बाहेर असू शकते. कोन कमी करून दोन्ही मिळून दोन-तीन मिलिमीटर पुढे न्यायचे, मग सुई स्थिर धरून नळी सरकवायची. हे न कळलेला मुलगा वॉर्डात तीनदा टोचतो, हात सुजतो, आणि ‘शिरा नाजूक आहेत’ असे नातेवाइकांना सांगितले जाते.

एका अध्यापकामागे चार-पाच विद्यार्थ्यांहून जास्त असतील तर चौथी पायरी सगळ्यांची होत नाही. मॅनिकिनचा रबरी हात पुन्हा पुन्हा टोचून गळू लागतो, आतली नळी भोके पडून फ्लॅशबॅक देत नाही. मग तो हात ‘नादुरुस्त’ म्हणून कपाटात जातो. सुटी कातडी आणि नळ्या वेगळ्या मिळतात. वार्षिक खरेदीच्या यादीत त्या लिहिल्या पाहिजेत. महाग मॅनिकिन खरेदी होते, त्याच्या नळ्यांची मागणी कोणी टाकत नाही. लॉगबुकवरची (विद्यार्थ्याच्या कामाच्या नोंदवहीवरची) सही त्याच दिवशी, पाहिल्यावर करायची. पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी पंचवीस लॉगबुकांचा गठ्ठा घेऊन केलेल्या सह्यांना काही किंमत नाही, हे सही करणाऱ्यालाही माहीत असते.

बहुपर्यायी प्रश्नांबद्दल थोडक्यात. शंभर मुलांच्या परीक्षेत गुणांप्रमाणे वरची २७ आणि खालची २७ मुले घ्या. एखादा प्रश्न वरच्यांपैकी २० जणांनी आणि खालच्यांपैकी ८ जणांनी बरोबर सोडवला, तर काठिण्य ५४ पैकी २८, म्हणजे ५२ टक्के; फरक ओळखण्याची ताकद १२ भागिले २७, म्हणजे ०.४४. प्रश्न चांगला आहे, प्रश्नपेढीत ठेवा. हुशार मुले चुकली आणि कच्ची मुले बरोबर आली, आकडा उणे निघाला, तर आधी बरोबर उत्तरांची किल्ली तपासा. बहुतेकदा तीच चुकलेली असते. पाच टक्के मुलांनीही न निवडलेला पर्याय नुसती जागा अडवतो, तो बदला. हे एका एक्सेल शीटचे काम आहे. तरी दर वर्षी जुन्याच प्रश्नांची खिचडी होते, कारण निकाल लागल्यावर प्रश्नपत्रिकेकडे पुन्हा पाहणे कोणाच्याच कामाच्या यादीत नसते.

म्हणून आमची मागणी एकच आहे: प्रत्येक अध्यापकाचे प्रत्यक्ष शिकवणे वर्षातून दोनदा एका सहकाऱ्याने पाहावे. ते कसे पाहावे यावर सगळे अवलंबून आहे, म्हणून जरा सविस्तर.

आधी पाच मिनिटांचे बोलणे. शिकवणाऱ्याने सांगायचे, “माझे अमुक एक पाहा.” प्रश्न विचारल्यावर मी थांबतो का, मागच्या मुलांपर्यंत पोचतो का, फळा वाचता येतो का, असे काहीही, पण एकच. मग वीस ते तीस मिनिटे पाहणे, पूर्ण तास बसण्याची गरज नसते. पाहणाऱ्याने या वेळात मत लिहायचे नाही, घडले ते लिहायचे: किती प्रश्न विचारले, प्रत्येकानंतर किती सेकंद थांबले, उत्तर कोणी दिले, किती मुलांनी रुग्णाला हात लावला, अध्यापक कुठे उभा होता. प्रश्नानंतरच्या थांब्याचा अभ्यास अमेरिकेत मेरी बड रो यांनी शाळांमध्ये केला होता. शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येतात, असे त्यांना आढळले. हातातल्या घड्याळावर मोजून पाहा, तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात. ज्याला आपण थांबतो अशी खात्री असते त्याच्यासमोर आकड्यांचा कागद ठेवला की वाद घालायला काही उरत नाही.

नंतरचे बोलणे त्याच दिवशी, पंधरा मिनिटांत, चहाच्या टेबलावरही चालेल. पण रेसिडेंट आणि विद्यार्थी आसपास नकोत. आधी शिकवणाऱ्याने बोलायचे, मग पाहणाऱ्याने कागदातले वाचून दाखवायचे, आणि पुढच्या वेळी बदलायची एकच गोष्ट ठरवायची. चार गोष्टी ठरवल्या की एकही होत नाही. तो कागद शिकवणाऱ्याकडेच राहतो. एमईयूकडे फक्त तारीख आणि दोघांची नावे जातात.

हे कुठे बिघडते तेही सांगतो, कारण काही ठिकाणी प्रयत्न होऊन बंद पडले आहेत. विभागप्रमुख स्वतः पाहायला बसले की त्याची तपासणी होते. त्या दिवशी सहायक प्राध्यापक सुटात येतात, मुलांना आदल्या दिवशीच उत्तरे सांगितलेली असतात. म्हणून पाहणारा शक्यतो दुसऱ्या विभागाचा, हुद्द्याने बरोबरीचा. शल्यचिकित्सकाचे क्लिनिक बालरोगतज्ज्ञाने पाहावे. विषयाच्या वादात तो पडणार नाही, शिकवण्याकडेच पाहील. दुसरे, तीस रकान्यांची तपासयादी. ती हातात दिली की सगळ्या रकान्यांत ‘उत्तम’वर बरोबरची खूण होते. अर्ध्या पानाचा मोकळा कागद पुरे. तिसरे, हा कागद गोपनीय अहवालाला जोडायचा मोह. एकदा जोडला की पुढच्या वर्षी कोणीही आपले कच्चे क्लिनिक दाखवणार नाही. चौथे, नुसते गोड बोलणे. आपल्याकडे सहकाऱ्याला तोंडावर उणे सांगणे जड जाते, त्यावर उपाय एकच, मत विचारूच नये, मोजलेले वाचावे.

वेळेचा हिशेब लोक विचारतील. पाच, तीस आणि पंधरा मिळून पन्नास मिनिटे. वर्षातून दोनदा स्वतःचे दाखवायचे आणि दोनदा दुसऱ्याचे पाहायचे, तर माणशी वर्षाला तीन तास वीस मिनिटे लागतात. ओपीडी, शस्त्रक्रिया, न्यायवैद्यकीय कागदपत्रे आणि आयोगाच्या पाहणीची तयारी यांतून तेवढेही काढणे सोपे नाही हे आम्हाला ठाऊक आहे. एमईयूचा समन्वयक स्वतःच्या विभागाचे सगळे काम करून हे वरचे काम करतो. त्याला वेगळा कारकूनही नसतो. आणि बढतीच्या वेळी शोधनिबंध मोजले जातात, चांगले क्लिनिक मोजले जात नाही. त्यामुळे शहाणा तरुण अध्यापक संध्याकाळी लेखच लिहीत बसतो. त्याला दोष देता येत नाही. समन्वयकाला आठवड्यातून एक पूर्ण अर्धा दिवस कागदोपत्री मोकळा करून देणे अधिष्ठात्यांच्या अधिकारात आहे. तेवढ्याने सुरुवात होते.

कोल्हापूरला एक सोय आहे, ती सगळीकडे नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कसबा बावड्यातले डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय एकाच शहरात आहेत. दसरा चौकातून बावड्याला जायला फार वेळ लागत नाही. दोन्हीकडचे अध्यापक एकमेकांचे शिकवणे पाहू शकतात. बाहेरच्या माणसासमोर विभागातले राजकारण आड येत नाही, आणि शासकीय व खासगी हा जो अबोला आहे तो यानिमित्ताने थोडा सैल झाला तर वाईट काय? एका सत्रात प्रत्येकी पाच विभागांपासून सुरू करावे. सुरुवात ज्येष्ठ प्राध्यापकांनी आपले शिकवणे दाखवून करावी, नाहीतर हे फक्त नव्या भरतीसाठीचे शेपूट ठरेल. शासकीय रुग्णालयांतून येणाऱ्यांना मात्र पहिल्या सहा महिन्यांत दर महिन्याला एकदा पाहावे, आणि पहिले दोन आठवडे त्यांनी स्वतः काही न शिकवता दुसऱ्यांची क्लिनिके पाहावीत.

यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. शासनाकडे मागायचेच असेल तर एक छोटी गोष्ट आहे. वैद्यकीय शिक्षणमंत्री हसन मुश्रीफ आपल्याच जिल्ह्यातले, कागलचे. शेंडा पार्कात शासकीय महाविद्यालयाच्या नव्या रुग्णालयाचे काम सुरू आहे. तिथे प्रत्येक वॉर्डाला लागून पंधरा-वीस जण बसतील अशी एक खोली हवी: एक फळा, हात धुण्याचे बेसिन, एक तपासणी टेबल, आणि दार बंद होईल असे. ही खोली दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहाशेजारी नको. खाटेपासून वीस पावलांच्या आत असेल तरच क्लिनिकनंतर मुले तिथे जातात, नाहीतर सगळी चर्चा रुग्णाच्या पायाशीच होते. आराखड्यात अशा खोल्या असतील तर उत्तमच. असतील तर त्यांचे पुढे स्टोअररूम होऊ नये, एवढे दारावरच्या पाटीपासूनच ठरवून ठेवावे.

आपले,
वैद्यकीय अध्यापनातील दोन ज्येष्ठ सहकारी,
कोल्हापूर